ताटातला इतिहास : पाच काळांची पाच ताटे

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. या राजांच्या राज्यात सामान्य माणूस दोन वेळा काय खात होता, ते कोठून येत होते आणि कधी येत नव्हते, हा प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्वचितच विचारला जातो. वास्तविक मनुष्याच्या आयुष्यातील बहुतेक श्रम अन्न मिळविण्यात व शिजविण्यात खर्च होत आले आहेत. म्हणूनच अन्नाचा इतिहास हा लोकांचा इतिहास होय. तो वाचता येतो, तसा काही अंशी चाखताही येतो. हा दुसरा मार्ग शाळा आणि ग्रामपंचायत यांना थोड्या खर्चात उपलब्ध आहे.

एका परिचित उदाहरणाने आरंभ करणे योग्य होईल. एकादशीच्या दिवशी महाराष्ट्रातील असंख्य घरांत साबुदाण्याची खिचडी होते. परंपरेने चालत आलेला पवित्र पदार्थ म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. आज बाजारात मिळणारा साबुदाणा टॅपिओका या कंदाच्या पिठापासून तयार होतो. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. खिचडीतील बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही पिकेदेखील अमेरिका खंडातूनच जगभर गेली. उपवासाच्या राजगिऱ्याचे मूळही तिकडचेच. याचा अर्थ असा की, आज ज्या रूपात ही खिचडी केली जाते त्या रूपात ती ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातील कोणाही वारकऱ्याने पाहिलेली नव्हती. उपवासाला वर्ज्य धान्यांचे जुने नियम ठरले तेव्हा ही पिके येथे नव्हतीच. साहजिकच ती त्या नियमांच्या बाहेर राहिली असावीत.

या उदाहरणाने परंपरेला कमीपणा येत नाही. परंपरा कशी घडते, हे मात्र त्यातून स्पष्ट होते. बाहेरून आलेले स्वीकारणे, आपल्या चवीत मुरविणे आणि पुढे ते आपलेच मानणे, हीच या प्रदेशाची रीत राहिली आहे. तथापि या स्वीकाराची दुसरी बाजूही आहे. नवे येताना जुने निघून जाते, आणि जे गेले त्याची नोंद बहुधा कोणी ठेवत नाही. महाराष्ट्राच्या इतिहासातील पाच काळांची पाच ताटे मांडून या दोन्ही बाजूंचा विचार येथे केला आहे.

अन्नाचा इतिहास कळतो कसा?

अन्न नाशवंत असते. मग तीन हजार वर्षांपूर्वीचे जेवण कळावे कसे, अशी शंका विद्यार्थी प्रथम विचारतात. तिचे उत्तर शेणामातीच्या चुलीत सापडते. चुलीत किंवा आगीत सापडून जळलेला दाणा कुजत नाही. कोळसा होऊन तो आपला आकार टिकवून धरतो. उत्खननातील माती पाण्यात कालवली की असे हलके दाणे वर तरंगतात. ते गाळून, सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले म्हणजे जव कोणता व मसूर कोणती हे तज्ज्ञांना ओळखता येते. हाडांवरून प्राणी व मासे कळतात, हाडांवरील घावांवरून मांस कापण्याची पद्धत कळते. जाती, पाटे-वरवंटे, रांजण व कणग्यांच्या बैठका यांवरून दळण आणि साठवण समजते.

लेखी साधने पुढच्या काळात मिळतात : ग्रंथ, दानपत्रे, दफ्तरे, प्रवाशांची वर्णने. यांखेरीज एक साधन प्रत्येकाच्या तोंडी असते, ते म्हणजे भाषा. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, आणि ते पदार्थ कोणाच्या हातून येथे पोचले हेही सांगून गेले. ‘मिरची’ हे नाव ‘मिरी’वरून पडले, कारण नव्या तिखटाची ओळख जुन्या तिखटाच्या नावानेच करून देणे सोपे होते. ‘भुईमूग’ म्हणजे भुईतला मूग. परक्या पिकाला ओळखीच्या धान्याचे नाव देऊन शेतकऱ्याने त्याला घरचे करून टाकले.

पहिले ताट : घोड नदीकाठचे इनामगाव

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे या कामाशी निगडित आहेत. इ.स.पू. १६०० ते ७०० या सुमारे नऊशे वर्षांत येथे नांदलेल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वस्तीचे शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचे जीवन इतक्या तपशिलाने अन्यत्र क्वचितच कळले आहे.

या लोकांचे मुख्य धान्य जव होते. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ, वाल आणि लाख ही पिके होती. बोरांसारखी रानफळे ते गोळा करीत. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळीत, हरणांची शिकार करीत आणि नदीतील मासे धरीत. गावाने पाटबंधाऱ्यासाठी चर खणला होता व बांध घातला होता. गावप्रमुखाचे म्हणून ओळखले गेलेले घर आणि त्याच्या शेजारचे धान्याचे कोठार यांवरून एकत्र साठवणीची कल्पना येते. पाण्याचे सार्वजनिक काम आणि धान्याचा सार्वजनिक साठा या दोन्ही गोष्टी या भूमीत तीन हजार वर्षांपूर्वी होत्या, हे पंचायत सदस्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

हे ताट मांडावयाचे तर जवाची भाकरी किंवा भरड्या जवाची पातळ कण्हेरी, मिठात शिजवलेले कुळीथ व मसूर आणि मूठभर बोरे एवढे पुरे. मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, चहा नाही. पहिल्या घासाला मुलांना ते बेचव वाटेल. चार घास सावकाश चावल्यानंतर मात्र धान्याची स्वतःची गोडी जाणवू लागते.

या ताटाचा शेवट विसरता कामा नये. इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले. गव्हाचे प्रमाण घटले, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गुरांऐवजी शेळ्या-मेंढ्यांवर व शिकारीवर भिस्त वाढली. इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली लहान मुले येथे मोठ्या संख्येने आढळली. त्यांच्याशेजारी तोटीचे भांडे व वाडगे ठेवलेले असत. ज्यांना या जगात पुरेसे दिवस खाता-पिता आले नाही, त्यांच्या पुढच्या वाटेची सोय आईबापांनी अशा रीतीने केली.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. लाखीची डाळ दुष्काळातही येते, म्हणून ती गरिबांचा आधार ठरली. परंतु दीर्घकाळ तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांना कायमचे पांगळेपण येऊ शकते. आयुर्वेदात या विकाराला कलायखंज म्हटले आहे. जुने ते सर्व हितकारक, हा समज म्हणून सोडून दिला पाहिजे. शाळेच्या ताटात लाख घेऊ नये.

दुसरे ताट : कल्याणीच्या राजाची पाकशाळा

इनामगावची वस्ती उठल्यानंतर सुमारे अठराशे वर्षांनी दख्खनवर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्यांच्या सत्तेखाली होता. याच घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याने ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभार, वास्तू, संगीत, क्रीडा अशा नाना विषयांबरोबर त्यात अन्नोपभोगावर सविस्तर विवेचन आहे. महाराष्ट्राच्या लगतच्या प्रदेशातील बाराव्या शतकाची पाकक्रिया यातून कळते.

या ग्रंथात ‘इड्डरिका’ येते. आजच्या इडलीचे हे पूर्वरूप. ती केवळ उडदाच्या पिठाची आहे, तिच्यात तांदूळ नाही. मिरपूड, जिरे व हिंग यांनी ती स्वादिष्ट करावी असे सांगितले आहे. ‘वटक’ म्हणजे वडा, ‘पोलिका’ म्हणजे पोळी, ‘मंडक’ म्हणजे मांडा ही नावे मराठी वाचकाला अर्थ सांगावा लागू नये इतकी जवळची आहेत. दही, साखर व सुगंधी द्रव्ये यांची ‘शिखरिणी’ श्रीखंडाची आठवण करून देते. गव्हाच्या पातळ मांड्यांना तर आजही जिवंत वारस आहे. खानदेशात पालथ्या मातीच्या खापरावर हातभर रुंदीची पुरणाची पोळी भाजणाऱ्या स्त्रिया अद्याप आहेत. मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले ही लोककथा ऐकणाऱ्याला मांडे ठाऊक होते, म्हणूनच ती घरोघर रुजली.

याच राजाच्या पाकशाळेत मासे, रानडुकराचे मांस, कासव यांबरोबर शेतातले उंदीर भाजण्याची कृतीही सांगितलेली आहे. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. कोकणपट्टीतील कातकरी समाज शेतातील उंदीर खातो म्हणून पुढे त्याला नाके मुरडली गेली. तोच पदार्थ बाराव्या शतकात राजाच्या ताटात मानाने वाढला जात होता. कोणते अन्न उच्च आणि कोणते नीच, हा निवाडा काळागणिक व सत्तेगणिक बदलत आला आहे. वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाच्या घरचे जेवण दुसऱ्यांच्या थट्टेचा विषय होत असेल, तर शिक्षकाला हा एकच दाखला पुष्कळ उपयोगी पडेल.

शाळेसाठी उडदाची वाफवलेली इड्डरिका तुपाबरोबर, एक लहानशी पोळी आणि चमचाभर शिखरिणी एवढे पुरेसे आहे. मात्र हे ताट राजाचे आहे. त्या वेळी सामान्य कुणबी काय खात होता हे सांगणारा इतका तपशीलवार ग्रंथ कोणी लिहिला नाही. लिहिणारे आणि जेवणारे एकाच वर्गातले असले म्हणजे बाकीच्यांची भूक नोंदीबाहेर राहते, हा इतिहासाचा धडा येथे सहज शिकविता येतो.

तिसरे ताट : मिरचीच्या आधी आणि नंतर

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकले. अमेरिका खंडातील पिके त्यांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली. मिरची, काजू, अननस, पपई, पेरू, मका, बटाटा, टोमॅटो, भुईमूग ही यादी मोठी आहे. सगळी एकाच वेळी आली किंवा एकाच वेगाने पसरली असे नव्हे. मिरची झपाट्याने पसरली, कारण मिरी मलबारच्या वेलीवर येई आणि विकत घ्यावी लागे, तर मिरची कोणाच्याही परसात उगवे. गरिबाला परसातले फुकट तिखट मिळाले. बटाटा आणि टोमॅटो सर्वसामान्यांच्या घरी पोचण्यास मात्र इंग्रजी अमदानी उजाडावी लागली.

मिरची येण्यापूर्वी महाराष्ट्राचे जेवण अळणी होते असे मात्र नाही. मिरी, पिंपळी, आले, मोहरी यांचे तिखट होते. चिंच आणि कोकम यांचे आंबट होते. तीळ, जवस, कारळे, खोबरे यांचा स्निग्धपणा होता. वांगे, तूर, मूग, उडीद आणि कुळीथ ही तर भारतीय भूमीचीच संपत्ती. ज्या भाकरीला आज मराठी मातीचे प्रतीक मानले जाते तिची ज्वारी, बाजरी व नाचणी मात्र मूळची आफ्रिकेतली. काही हजार वर्षांपूर्वी ती या देशात आली आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत व सह्याद्रीच्या उतारांवर अशी रुजली की तिचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

मराठेशाहीच्या काळात या धान्यांवर गड जगत. पन्हाळगडावरील अंबरखान्याची गंगा, यमुना व सरस्वती ही कोठारे आजही उभी आहेत. आदिलशाही काळातील या वास्तू पुढे मराठ्यांच्याही उपयोगी पडल्या. वेढा पडला असता गडाची ताकद तोफांइतकीच कोठारातील दाण्यांवर अवलंबून असे. नाचणी योग्य रीतीने साठविल्यास वर्षानुवर्षे टिकते. डोंगरी मुलखाने तिला उगीच जवळ केले नाही.

तिसऱ्या ताटासाठी नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि ताक घ्यावे. पिठले मात्र दोन भांड्यांत करावे. एकात मिरी, आले व हिंग घालावे, दुसऱ्यात मिरची. मुलांनी दोन्ही चाखून फरक स्वतःच्या शब्दांत लिहावा. मिरीचे तिखट घशाकडे उतरते, मिरचीचे जिभेवर व ओठांवर जळत राहते. कोल्हापूरच्या तांबड्या रश्शाचा तांबडेपणा आणि ठेच्याचा झणका कोणत्या शतकानंतरचा, हे एका चमच्यात समजते. सनावळ पाठ करून जे लक्षात राहत नाही ते असे अनुभवाने राहते.

चौथे ताट : दुष्काळाचे

अन्नाचा इतिहास चाखण्याच्या उपक्रमांत बहुधा मेजवान्यांचीच ताटे मांडली जातात. दुष्काळाचे ताट त्यांतून वगळले तर तो इतिहास अपुरा आणि खोटा ठरेल. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३० चा दुष्काळ, १८७६ ते १८७८ चा दुष्काळ यांनी दख्खनची गावेच्या गावे ओस पाडली.

१८७७ च्या प्रारंभी सरकारी दुष्काळी कामांवरील मजुरी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार घटविण्यात आली. प्रौढ पुरुष मजुराच्या रोजीचा हिशेब एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ रोख रक्कम, असा धरण्यात आला. दिवसभर खडी फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्या माणसासाठी हे मोजमाप होते. पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून या धोरणावर टीका केली आणि मजुरांनी कामे सोडून निषेध केला. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ निवारणाची संहिता तयार झाली. शाळेच्या तराजूत ४५० ग्रॅम ज्वारी मोजून ती वर्गापुढे ठेवावी. तिच्यातून दळणाची तूट, घरातील लहानग्यांचा वाटा आणि दिवसभराचे काम वजा करावे. गणिताचा आणि इतिहासाचा असा संयुक्त पाठ विद्यार्थी सहसा विसरणार नाहीत.

१९७२ चा दुष्काळ अनेक ज्येष्ठांच्या स्मरणात आहे. रोजगार हमीच्या कामांवर पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते आणि खडी फोडणे चालू होते. स्वस्त धान्याच्या दुकानांतून परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळे. लोक तिला ‘मिलो’ म्हणत. कामाच्या ठिकाणी सुकडी वाटली जाई. त्या वर्षांची आठवण सांगताना कित्येक वृद्धांच्या बोलण्यात मिलोच्या भाकरीचा रंग आणि सुकडीची चव हमखास येते. या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ चा रोजगार हमी कायदा केला. पुढे २००५ मध्ये देशाने त्याच धर्तीवर ग्रामीण रोजगाराचा कायदा केला. एका कठीण वर्षाच्या ताटातून देशाच्या कायद्यापर्यंत वाट गेली, हे अधिकाऱ्यांनी व सदस्यांनी नव्या पिढीला आवर्जून सांगावे.

या ताटात भरड ज्वारीच्या कण्या, टाकळा, घोळ किंवा तांदुळजा यांची बिनतेलाची भाजी आणि सुकडीचा लहानसा वाटा असावा. रानभाज्या ओळखणाऱ्या जाणत्या व्यक्तीनेच त्या निवडाव्यात. रानातील अळंब्या शालेय उपक्रमात मुळीच घेऊ नयेत. हे ताट पोटभर वाढू नये. ते अपुरेच असावे, कारण अपुरेपणा हाच त्यातला धडा आहे.

पाचवे ताट : शिधापत्रिकेपासून आजपर्यंत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९५६ पासून अमेरिकेचा गहू करारान्वये देशात येऊ लागला. पुढे हरितक्रांतीने देशाचाच गहू मुबलक झाला. स्वस्त धान्य दुकानातून गहू व तांदूळ घरोघर पोचले. जेथे पोळी केवळ सणासुदीला होत असे तेथे ती रोजची झाली. ही लहान क्रांती नव्हे. ज्या घरात भाकरीचीही शाश्वती नव्हती तेथे दोन वेळच्या अन्नाची हमी आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ती हमी कायद्यात उतरली. १९९५ पासूनच्या शालेय पोषण आहाराने वेगवेगळ्या जातींची व घरांची मुले एका पंक्तीला बसविली. सामाजिक इतिहासात या पंक्तीचे मोल कोणत्याही राजमेजवानीहून अधिक आहे.

साखरेची गोष्टही अशीच. १९५० मध्ये प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे साखर कारखानदारीने ग्रामीण महाराष्ट्राचे रूप पालटले. पाहुण्याला गूळपाणी देणारी घरे चहा देऊ लागली. वडापाव हा तर या इतिहासाचा सारांशच म्हणावा लागेल : पोर्तुगीज नावाचा पाव, अमेरिकेतून आलेला बटाटा व मिरची, हरभऱ्याचे जुने पीठ आणि गिरणगावाच्या मुंबईची घाई.

पण प्रत्येक आगमनाबरोबर काहीतरी उठून गेले. खरीप ज्वारीच्या रानात सोयाबीन आला. कारळे, जवस व तिळाच्या घाण्यांची जागा पिशवीतील तेलाने घेतली. वरी, राळा, कोद्रा, सावा यांची नावे कित्येक शाळकरी मुलांनी ऐकलेलीही नाहीत. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा या धान्यांकडे पुन्हा लक्ष गेले. धान्य पुन्हा पेरता येते. पण राळ्याचा भात किती पाण्यात शिजवावा, नाचणीला मोड कसे आणावेत, कोणती रानभाजी एकदा उकळून पाणी टाकल्याशिवाय खाऊ नये, हे ज्ञान बियाण्याच्या पुडीवर छापलेले नसते. ते गावातील आज्यांच्या हातांत असते. त्या हातांबरोबर ते संपते.

हे ज्ञान जपले तर काय घडू शकते याचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बियाणे जमवून बीजकोश उभा केला. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी औपचारिक शिक्षण घेतलेले नाही, ही गोष्ट मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे. विद्या पुस्तकात असते तशी ती परसातही असते.

शाळेत हा पाठ कसा घ्यावा?

पाचही ताटे एकाच दिवशी मांडण्याची गरज नाही. दर महिन्यास एक ताट घेतल्यास अर्ध्या वर्षात उपक्रम पूर्ण होतो. बहुतेक साहित्य गावातच मिळते. ताटाच्या आधी काळाचा नकाशा व प्रमुख घटना सांगाव्यात. मग पदार्थ चाखावेत, आणि शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याने चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत : हे धान्य मूळचे कोठले? ते येथे कसे आले? ते पिकविण्यास पाणी किती लागे? आणि हे अन्न त्या काळी कोणाला मिळत असे व कोणाला नाही?

यातला चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याशिवाय हा उपक्रम केवळ खाद्यमेळा होऊन राहील. स्वच्छता, उकळलेले पाणी आणि एखाद्या मुलाला न मानवणारा पदार्थ यांकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. शेंगदाणे, तीळ किंवा दूध काही मुलांना सोसत नाही, हे पालकांना आधी विचारून घ्यावे. स्वयंपाक सांगण्यासाठी गावातील ज्येष्ठ स्त्रियांना सन्मानाने बोलवावे, त्यांना शिक्षकाच्या खुर्चीवर बसवावे आणि मुलांनी त्यांच्यापुढे वही उघडावी. पुणे परिसरातील शाळांना डेक्कन महाविद्यालयाच्या पुरातत्त्व संग्रहालयाची सहलही आखता येईल.

ग्रामपंचायतीचे काम

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. गावातील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची नोंद या वहीत अपेक्षित आहे. अनेक ठिकाणी ही वही एकदा भरून कपाटात ठेवली गेली आहे. शाळेतील ताटांच्या निमित्ताने ती पुन्हा उघडता येईल. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांकडून आणलेली माहिती समितीने तपासावी आणि वाणाचे स्थानिक नाव, पेरणीचा हंगाम, साठवणीची रीत, शिजविण्याची कृती व सांगणाऱ्याची संमती यांसह नोंदवावी. कृषी सहायक, अंगणवाडी सेविका आणि महिला बचत गट यांचे साहाय्य यात सहज मिळू शकेल. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांतून मिळणारी माहितीही येथे जोडता येईल.

या नोंदीत दुष्काळाचे पान वेगळे ठेवावे. १९७२ मध्ये गावाने काय खाल्ले, कोणती विहीर शेवटपर्यंत चालली, कोणते पीक तग धरून राहिले, कोणत्या घरांनी गाव सोडले, ही माहिती पुढच्या अवर्षणात नियोजनाला उपयोगी पडेल. इनामगावच्या लोकांनी बांध घातला, कोठार भरले आणि तरीही बदलत्या हवामानापुढे त्यांना गाव सोडावे लागले. त्यांच्याजवळ आधीच्या कोरड्या वर्षांची लेखी नोंद नव्हती. आजच्या गावाजवळ ती असू शकते.

१९७२ साली जे पंचवीस-तीस वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी सांगण्यास फार वर्षे उरलेली नाहीत. उत्खननातील जळलेला दाणा तीन हजार वर्षे वाट पाहू शकतो, माणसाची आठवण तेवढी थांबत नाही. पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घ्यावा आणि पुढील शैक्षणिक सत्रात पहिले ताट मांडावे. गावाच्या इतिहासाचे जे पान आजवर कोरे राहिले आहे, ते भरण्याचे काम तेथून सुरू होईल.